लॉटरी, थायलंडमधील

थायलंडच्या अर्थमंत्रालयाच्या अखत्यारीतील शासकीय लॉटरी कार्यालयातर्फे सामान्यतः दर महिन्याच्या १ व १६ तारखांना काढण्यात येणारी सहा आकडी तिकिटांची सोडत. १९३५ च्या जुगार कायद्याने थायलंडात बहुतेक प्रकारच्या जुगारांवर बंदी अथवा कडक निर्बंध आहेत. शासकीय लॉटरी हा त्यांतील मोजक्या वैध अपवादांपैकी सर्वांत मोठा व सर्वांत लोकप्रिय अपवाद होय. तिच्यापासून राज्याला मोठा महसूल मिळतो आणि हजारो फिरत्या विक्रेत्यांचा उदरनिर्वाह तिच्यावर चालतो. त्याचबरोबर तिच्या आधारानेच एक विस्तृत बेकायदेशीर जुगारही देशभर चालतो. जुगाराला आळा घालण्याची राज्याची इच्छा आणि जुगारापासून मिळणाऱ्या उत्पन्नाची राज्याची गरज यांतील ओढाताण एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत या संस्थेच्या इतिहासात दिसून येते.

नामव्युत्पत्ती : थाई भाषेत लॉटरीला दोन नावे आहेत. अधिकृत नाव ‘सलाक किन बेंग’ असे असून त्यातील ‘सलाक’ हा शब्द संस्कृत ‘शलाका’ (पाली ‘सलाका’) या शब्दापासून आला आहे. प्राचीन बौद्ध संघात मते मोजण्यासाठी, तसेच उपासकांनी दिलेले भोजन भिक्षूंमध्ये वाटून देण्यासाठी शलाका वापरीत. चिठ्ठ्या काढून भिक्षूंना दान देण्याचा ‘सलाक फत’ हा विधी थायलंडात अद्याप प्रचलित आहे. ‘किन बेंग’ या शब्दांचा अर्थ ‘वाटून खाणे’ असा होतो. म्हणजे तिकिटांच्या विक्रीतून जमलेल्या रकमेचा ठराविक हिस्सा विजेत्यांत वाटून देणे, ही कल्पना या नावातच अंतर्भूत आहे. लोकभाषेत मात्र लॉटरीला ‘हुआय’ म्हणतात. हा शब्द चिनी असून तो जुन्या अक्षर-सोडतीवरून रूढ झाला. ती सोडत बंद होऊन शतक उलटले, तरी हे नाव टिकून आहे. शासकीय व बेकायदेशीर अशा दोन्ही प्रकारांना ते सर्रास लावले जाते.

हुआयचा मक्ता : सियाममध्ये (थायलंडचे १९३९ पूर्वीचे नाव) हुआयचा आरंभ तिसरा राम (कार. १८२४–५१) याच्या कारकीर्दीत, १८३५ मध्ये झाला. राजपुत्र दामरोंग यांनी जुगारगृहे व हुआय यांच्या समाप्तीविषयी जो वृत्तांत लिहिला आहे, त्यात तिच्या उगमाची हकीकत आढळते. त्या सुमारास महापूर व अवर्षण यांमुळे तांदूळ महाग झाला होता आणि लोकांच्या हाती पैसा दिसेनासा झाला होता. लोक नाणी जमिनीत पुरून ठेवीत असल्याचा राजाचा समज झाला. दारूचा मक्ता घेणाऱ्या होंग नावाच्या चिनी व्यापाऱ्याने चीनच्या धर्तीवर सोडत सुरू केल्यास पुरलेला पैसा बाहेर येईल, असे सुचविले आणि राजाने त्यास अनुमती दिली.

चीनमधील मूळ खेळात ३४ व्यक्तींची नावे व चित्रे असत. सियाममध्ये त्यांना थाई वर्णमालेतील अक्षरे जोडण्यात आली आणि पुढे अक्षरांची संख्या ३६ झाली. मक्तेदार एक अक्षर आधीच निवडून ते पिशवीत मोहरबंद करी व सोडतगृहात उंच टांगून ठेवी. लोक आपापल्या पसंतीच्या अक्षरावर पैसे लावीत आणि ठरलेल्या वेळी पिशवी सर्वांसमक्ष उघडली जाई. अक्षर जुळल्यास लावलेल्या रकमेच्या सुमारे तीसपट रक्कम मिळे. अक्षरे ३६ व परतावा सुमारे तीसपट असल्याने दीर्घकाळात एकूण रकमेचा सुमारे सहावा भाग मक्तेदाराकडे राही. त्यातून तो राजाला मक्त्याची रक्कम भरी. पैज अत्यल्प रकमेचीही चाले, सोडत रोज निघे व अक्षर स्वतः निवडता येई. या तीन गोष्टींमुळे हुआय गरिबांच्या घरापर्यंत पोहोचली. स्वप्नावरून, एखाद्या साधूच्या बोलण्यावरून अथवा रस्त्यात घडलेल्या प्रसंगावरून ‘अक्षर’ ओळखण्याची प्रथा याच काळात दृढ झाली.

अफू, दारू, जुगारगृहे व हुआय यांचे मक्ते हे एकोणिसाव्या शतकातील सियामच्या राजकोशाचे महत्त्वाचे आधार होते. पाश्चात्त्य राष्ट्रांशी झालेल्या व्यापारी तहांमुळे आयात मालावरील जकात ३ टक्क्यांपुरती मर्यादित झाली होती. त्यामुळे या मक्त्यांचे महत्त्व आणखी वाढले. जुगारामुळे कर्जबाजारीपणा व चोऱ्या वाढतात हे राजांना मान्य होते, तथापि त्याऐवजी दुसरे उत्पन्न उभे राहीपर्यंत मक्ते बंद करणे शक्य नव्हते. पाचवा राम चुलालाँगकॉर्न (कार. १८६८–१९१०) याने जुगारगृहांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी केली. सहावा राम वजिरावुध (कार. १९१०–२५) याने १ एप्रिल १९१६ रोजी हुआय व पुढील वर्षी उरलेली जुगारगृहे बंद केली.

पाश्चात्त्य पद्धतीची लॉटरी : छापील क्रमांकांच्या तिकिटांची लॉटरी सियाममध्ये १८७४ मध्ये प्रथम काढण्यात आली. चुलालाँगकॉर्नच्या वाढदिवसानिमित्त राजवाड्याच्या आवारात भरलेल्या प्रदर्शनात ही सोडत झाली. राजाच्या सेवेतील हेन्री अलाबास्टर या इंग्रज अधिकाऱ्याने तिची व्यवस्था पाहिली. यानंतर लॉटरी प्रासंगिक स्वरूपात, विशिष्ट कार्यासाठी निधी जमविण्यापुरती काढली जाई. वजिरावुधाने १९११ मध्ये स्थापन केलेल्या ‘सुआ पा’ (वन्य वाघ) या स्वयंसेवक दलासाठी शस्त्रे घेण्याकरिता १९२३ मध्ये काढलेली दहा लाख तिकिटांची लॉटरी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तिचे तिकीट १ बात (थायलंडचे चलन) किंमतीचे होते.

लॉटरीला नियमित महसुलाचे साधन म्हणून स्थान मिळाले ते १९३२ च्या राज्यक्रांतीनंतर. अनियंत्रित राजसत्ता संपुष्टात आणणाऱ्या नव्या शासनाने प्रौढ पुरुषांवरील डोईपट्टीचा बोजा कमी केला. त्यामुळे महसुलात पडणारी तूट भरून काढण्यासाठी १९३३ पासून शासकीय लॉटरी काढण्यात येऊ लागली. प्रांत व नगरपालिका यांनाही स्थानिक कामांसाठी लॉटरी काढण्याची मुभा मिळाली. नवीन महसूल संहितेनुसार १ एप्रिल १९३९ पासून डोईपट्टी पूर्णपणे रद्द झाली. त्याच महिन्याच्या ५ तारखेला शासकीय लॉटरीचे स्वतंत्र कार्यालय अर्थमंत्रालयाखाली स्थापन झाले. शेतकऱ्याकडून सक्तीने घेतला जाणारा कर गेला आणि त्याने स्वखुशीने, आशेपोटी भरावयाची रक्कम राजकोशाच्या हिशेबात कायमची दाखल झाली.

राजकारण व लॉटरी : लॉटरीचा पैसा रोख, नियमित व मोठा असल्याने लष्करी राजवटींच्या काळात त्यावरील नियंत्रणाला राजकीय महत्त्व आले. फील्ड मार्शल सरित थनरत (पंतप्रधान १९५९–६३) याच्या मृत्यूनंतर त्याच्या अफाट संपत्तीवरून वारसांत वाद उद्भवला. शासनाने केलेल्या चौकशीत सरितने सार्वजनिक निधीचा मोठ्या प्रमाणावर अपहार केल्याचे उघड झाले व त्यात लॉटरी कार्यालयाच्या पैशाचाही समावेश होता. १४ ऑक्टोबर १९७३ च्या जनउठावात बँकॉकमधील राजदमनन मार्गावरील ज्या शासकीय इमारतींना आगी लावण्यात आल्या, त्यांत लॉटरी कार्यालयाचीही इमारत होती. पुढील वर्षी, १९७४ मध्ये, शासकीय लॉटरी कार्यालय अधिनियम संमत होऊन या कार्यालयास स्वतंत्र वैधानिक दर्जा मिळाला. तिकीटविक्रीच्या रकमेची वाटणीही कायद्यानेच निश्चित करण्यात आली. त्यानुसार ६० टक्के रक्कम बक्षिसांसाठी, किमान २८ टक्के राज्याच्या महसुलासाठी व कमाल १२ टक्के विक्री आणि व्यवस्थापनखर्चासाठी, असे प्रमाण ठरले. २०१९ च्या दुरुस्तीने बक्षिसांचा हिस्सा कायम ठेवून राज्याचा हिस्सा किमान २३ टक्के व खर्चाचा हिस्सा कमाल १७ टक्के करण्यात आला.

सोडतीचे स्वरूप : तिकिटावर ०००००० ते ९९९९९९ यांपैकी एक क्रमांक छापलेला असतो. या दहा लाख क्रमांकांचा एक संच होतो. मागणीनुसार एकाच सोडतीसाठी असे अनेक संच छापतात, त्यामुळे एकाच क्रमांकाची अनेक तिकिटे बाजारात असतात. २०२० नंतरच्या काळात दर सोडतीस सुमारे १०० संच, म्हणजे सुमारे १० कोटी तिकिटे काढण्यात येऊ लागली. ही संख्या देशाच्या लोकसंख्येहून अधिक आहे. तिकिटाची किंमत ८० बात असते. १ जानेवारी, १६ जानेवारी (शिक्षक दिन) व १ मे (कामगार दिन) या दिवसांच्या सोडती सामान्यतः मागेपुढे घेतल्या जातात. क्रमांकाच्या प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्र यंत्रातून आकडा लिहिलेला चेंडू काढतात. हे काम निमंत्रित साक्षीदारांसमोर होते व त्याचे नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण केले जाते. कोव्हिड-१९ च्या साथीमुळे १ एप्रिल २०२० ची सोडत लांबणीवर टाकावी लागली व ती १६ मे रोजी झाली.

दहा लाख तिकिटांच्या एका संचामागे बक्षिसांची वाटणी पुढीलप्रमाणे असते : पहिले बक्षीस ६० लाख बातचे एक, पहिल्या बक्षिसाच्या लगतच्या दोन क्रमांकांना प्रत्येकी १ लाख, दुसरी बक्षिसे २ लाखांची ५, तिसरी ८०,००० ची १०, चौथी ४०,००० ची ५०, पाचवी २०,००० ची १००, पहिले तीन आकडे जुळल्यास ४,००० ची २,०००, शेवटचे तीन आकडे जुळल्यास ४,००० ची २,०००, आणि शेवटचे दोन आकडे जुळल्यास २,००० ची १०,०००. अशा रीतीने एकूण १४,१६८ बक्षिसे होतात. त्यांची एकूण रक्कम ४ कोटी ८० लाख बात, म्हणजे संचाच्या ८ कोटी बात विक्रीमूल्याच्या नेमकी ६० टक्के भरते. कोणतेही एक बक्षीस मिळण्याची संभाव्यता शंभरात सुमारे १.४ एवढीच पडते. पहिले बक्षीस दहा लाखांत एकास मिळते. बक्षिसांपैकी १४,००० बक्षिसे २,००० व ४,००० बातची असून उरलेल्या १६८ बक्षिसांत एकूण बक्षीसरकमेचा चौथा भाग सामावतो. बक्षिसाच्या रकमेवर ०.५ टक्का मुद्रांकशुल्क कापले जाते. बक्षीस दोन वर्षांच्या आत मागावे लागते.

विक्रेते व मध्यस्थ : तिकिटांची किरकोळ विक्री प्रामुख्याने पेटी घेऊन पायी अथवा सायकलवर फिरणारे विक्रेते करतात. त्यांत वृद्ध, अंध, अपंग व शेतीचे काम नसलेल्या हंगामात शहरात येणारे ग्रामीण लोक यांचा भरणा मोठा आहे. ईशान्येकडील लोई प्रांताचा वांग सफुंग हा जिल्हा लॉटरीविक्रेत्यांचे गाव म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. कार्यालयाकडून कोटा मिळालेल्या विक्रेत्यास तिकीट ७०.४० बातला पडते. ते ८० बातला विकल्यास त्याला ९.६० बात सुटतात. ५०० तिकिटांचा कोटा असलेल्या विक्रेत्यास सर्व तिकिटे खपल्यास एका सोडतीमागे ४,८०० बात मिळतात. न खपलेली तिकिटे मात्र परत घेतली जात नाहीत. सोडतीच्या दुपारनंतर त्यांची किंमत शून्य होते आणि तो तोटा विक्रेत्यालाच सोसावा लागतो.

ज्यांना कोटा मिळत नाही, ते मध्यस्थांकडून चढ्या भावाने तिकिटे घेतात. हे मध्यस्थ अनेक विक्रेत्यांचे कोटे एकत्र करतात, समान क्रमांकाच्या तिकिटांचे जुडगे बांधतात आणि लोकांत चर्चेत असलेल्या क्रमांकांना जादा दर लावतात. यामुळे छापील किंमतीहून १०–२० बात किंवा त्याहून जास्त किंमतीला तिकीट विकले जाणे ही दीर्घकालीन तक्रार होऊन बसली. प्रयुत चान-ओचा यांच्या लष्करी राजवटीने २०१५ मध्ये ८० बातहून अधिक किंमत घेण्यावर १०,००० बातपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. तिकिटांची संख्याही वाढविण्यात आली, पण जादा दराची विक्री थांबली नाही. दंड बहुधा पेटी घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्याला होई आणि त्याला चढ्या भावाने माल देणारा मध्यस्थ नजरेआड राही. जून २०२२ पासून क्रुंग थाई बँकेच्या ‘पाव तांग’ या भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे ८० बातला तिकिटे विकण्यास प्रारंभ झाला. ग्राहकांना याचा लाभ झाला, मात्र फिरत्या विक्रेत्यांपुढे नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने २० वर्षांखालील व्यक्तींना व शिक्षणसंस्थांच्या आवारात तिकिटे विकण्यास बंदी घालण्यात आली.

भूमिगत लॉटरी : शासकीय सोडतीच्या निकालातील शेवटच्या दोन व तीन आकड्यांवर खाजगी पैजा लावण्याच्या बेकायदेशीर जुगाराला ‘हुआय ताय दिन’ (जमिनीखालची हुआय) म्हणतात. महाराष्ट्रातील मटक्याप्रमाणेच यातही पैज घेणारे हस्तक गल्लोगल्ली असतात. ते आकड्यांच्या याद्या वरच्या दलालाकडे व दलाल त्या मुख्य सावकाराकडे पोहोचवितात. निकालासाठी मात्र स्वतंत्र सोडत लागत नाही. शासनाची सोडत निःपक्षपाती असते, असा लोकांचा विश्वास आहे. त्या विश्वासाचा लाभ बेकायदेशीर धंद्याला आयताच मिळतो.

या धंद्याच्या लोकप्रियतेचे कारण हिशेबात सापडते. शासकीय तिकिटाचे शेवटचे दोन आकडे जुळल्यास ८० बातचे २,००० बात, म्हणजे पंचवीसपट रक्कम मिळते. भूमिगत पैजेत त्याच दोन आकड्यांना साधारणपणे साठ ते सत्तरपट रक्कम मिळते. शिवाय आकडा स्वतः निवडता येतो, १०–२० बातचीही पैज चालते आणि ओळखीच्या माणसाकडे उधारीही चालते. म्हणजेच १९१६ मध्ये बंद झालेल्या हुआयची बहुतेक वैशिष्ट्ये येथे शिल्लक आहेत. एखादा आकडा फारच लोकप्रिय झाला, तर सावकार त्यावर पैजा घेणे थांबवितात अथवा निम्मीच रक्कम देण्याची अट घालतात. फसवणूक झाल्यास गिऱ्हाइकाला दाद मागता येत नाही. पासुक फोंगपायचित व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थायलंडच्या अवैध अर्थव्यवस्थेवरील अभ्यासग्रंथात भूमिगत लॉटरी हा त्या अर्थव्यवस्थेचा एक मोठा घटक असल्याचे दाखविले आहे. स्थानिक पोलीस व राजकारणी यांच्याशी असलेल्या लागेबांध्यांवर तो कसा टिकून राहतो, याचेही विवेचन त्यात आहे.

थक्सिन शिनावात यांच्या शासनाने हा पैसा राज्याकडे वळविण्यासाठी ऑगस्ट २००३ पासून दोन व तीन आकड्यांची शासकीय लॉटरी सुरू केली. लोक तिला ‘हुआय बोन दिन’ (जमिनीवरची हुआय) म्हणत. तिच्या उत्पन्नातून ग्रामीण विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. सप्टेंबर २००६ मधील लष्करी उठावानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस ती बंद करण्यात आली. न्यायालयीन वादाचा मुख्य मुद्दा १९७४ च्या अधिनियमातील व्याख्येचा होता. त्यानुसार कार्यालयास जमलेल्या रकमेचा हिस्सा वाटून देणारी, म्हणजे ‘किन बेंग’ पद्धतीची लॉटरी चालविण्याचाच अधिकार होता. विजेते कितीही झाले तरी ठराविक पटीने रक्कम देणारी पैज त्यात बसत नव्हती. राजकीय पदाधिकाऱ्यांच्या खटल्यांसाठी असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या विभागाने २००९ मध्ये याप्रकरणी काही जणांना दोषी ठरविले. जून २०१९ मध्ये थक्सिन यांनाही त्यांच्या अनुपस्थितीत दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

लोकजीवनातील स्थान : महिन्यातील दोन सोडतींचे दिवस हे थाई लोकजीवनाच्या कालगणनेचाच एक भाग बनले आहेत. सोडतीपूर्वी वृत्तपत्रांतून संभाव्य आकड्यांची चर्चा चालते. स्वप्नांचे अर्थ आकड्यांत सांगणाऱ्या पुस्तिका मिळतात. पंतप्रधानांच्या मोटारीचा अथवा अपघातग्रस्त वाहनाचा क्रमांक, विख्यात भिक्षूचे निधनसमयीचे वय अशा गोष्टींतून लोक आकडे शोधतात. बँकॉकमधील वाट महाबुत येथील नांग नाक या प्रसूतीत मृत्यू पावलेल्या स्त्रीच्या पिशाचाचे देवस्थान, उदोन थानी प्रांतातील नागराजाचे कम चनोत हे बेट व नखोन सी थम्मरात प्रांतातील वाट चेदी येथील ‘आय खाय’ या बालकाची मूर्ती ही आकडे मागण्याची प्रसिद्ध ठिकाणे होत. जुन्या ताखियन वृक्षात स्त्रीदेवता वसते असे मानतात. त्याच्या खोडाला पावडर चोळून सालीवर उमटणाऱ्या खुणांत लोक आकडे वाचतात. नवस फळल्यास पोशाख, फटाके किंवा कोंबड्यांच्या मूर्ती अर्पण करतात.

बौद्ध धर्माच्या शिकवणुकीशी या प्रथांचा मेळ बसत नाही. दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात जुगाराची गणना संपत्तिनाशाच्या मार्गांत (अपायमुख) केली असून त्याचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. आकडे सांगणाऱ्या भिक्षूंवर सुशिक्षितांकडून व धर्मनिष्ठांकडून टीकाही होते. तथापि, पूर्वकर्माच्या पुण्याईने भाग्य उजळते या लोकसमजुतीमुळे बक्षीस हे केवळ योगायोगाचे नव्हे, तर पुण्याचे फळ मानले जाते. विजेते त्यातील काही भाग विहारास दान करतात.

मूल्यमापन : लॉटरीच्या समर्थकांच्या मते ती ऐच्छिक असल्याने करासारखी जाचक नाही. तिच्यापासून राज्यास निश्चित उत्पन्न मिळते व अपंगांसह अनेकांना रोजगार लाभतो. तसेच ती नसल्यास तिचे सर्व गिऱ्हाईक बेकायदेशीर धंद्याकडे जाईल. टीकाकारांच्या मते ८० बातचे तिकीट श्रीमंताला व मजुराला सारख्याच किंमतीस मिळत असल्याने अल्प उत्पन्न असलेल्याच्या मिळकतीचा मोठा भाग त्यात जातो, म्हणून तिचा भार प्रत्यक्षात गरिबांवरच अधिक पडतो. दीर्घकाळ तिकिटे घेणाऱ्यास सरासरीने दर ८० बातमागे ४८ बातच परत मिळतात. शेती व असंघटित मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास एकरकमी भांडवल मिळण्याचे दुसरे मार्ग फारसे उपलब्ध नसतात. ही परिस्थिती कायम आहे तोवर नुसत्या दंडाने अथवा नव्या विक्रीपद्धतीने लॉटरीची ओढ कमी होण्याचा संभव कमी आहे. मक्ते बंद करताना चुलालाँगकॉर्न व वजिरावुध यांच्यापुढे राज्याच्या पर्यायी उत्पन्नाचा प्रश्न होता. आधुनिक थायलंडपुढे त्याच्या जोडीला तिकीट घेणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या पर्यायी उत्पन्नाचाही प्रश्न उभा आहे.